मिनिटाला ऐंशी फेऱ्या

जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांना रोज माल लागतो. स्पंज आयर्न लागते, भंगार लागते. इथल्या सळईच्या कारखान्यांत वितळणारे बरेचसे भंगार देशातलेच असते. काही मात्र परदेशातून कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेव्याला उतरते आणि तिथून सुमारे चारशे किलोमीटर रस्ता कापत जालन्यात येते. ट्रक घाटात अडकला तर कारखानदाराला फोनवर कळते. पण त्याआधी तोच कंटेनर कित्येक दिवस पाण्यावर असतो. तो बंदराला कधी लागणार हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा जालन्यात कुणाच्या तोंडी नसतो. जहाजाचे मुख्य इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारते, तो हा आकडा.

पुढील पानांचा विषय हाच आहे. वरवर पाहता तो इंजिन रूमपुरता वाटतो. प्रत्यक्षात त्यात भौतिकशास्त्र येते, हवामान येते, करारातली कलमे येतात आणि अलीकडे प्रदूषणाचे नियमही येतात. शिवाय एक जुनी अडचण आहेच. जहाजावरच्या माणसाला किनाऱ्यावरचे पुरेसे कळत नाही आणि किनाऱ्यावरच्याला जहाजावरचे कळत नाही. उपग्रह आले तरी ही अडचण पुरती मिटलेली नाही. या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : संपर्क तुटपुंजा असताना इंजिनाचा वेग नीट ठरवायचा, तर हिशोब जहाजावरच झाला पाहिजे, उपग्रहावरून मोजकीच माहिती यावी-जावी आणि त्या मोजक्या माहितीतही पहिला मान बंदराकडून येणाऱ्या वेळेला मिळावा.

जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून हा विषय जालन्याला परका ठरत नाही. केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७०च्या दशकात इथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आणि त्यात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्तीही निघाली. तिच्याशी मिळतीजुळती वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली होती. पॉम्पेई गाडले गेले इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे त्याआधीच ती मूर्ती समुद्र ओलांडून गेलेली होती. ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असे मत अनेक अभ्यासक मांडतात.

त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेली समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून भडोचला नेत असल्याची नोंद आहे. इजिप्तहून भारताकडे यायचे तर जुलैच्या सुमारास निघावे, असेही ती सांगते. तो काळ नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. शिडाच्या जहाजाचा वेग वाऱ्याच्या हातात असे. नाखव्याच्या हातात उरे ती निघण्याची तारीख. ती एकदा साधली की पुढे वारा नेईल तसे जायचे. वाफेचे आणि नंतर डिझेलचे इंजिन आले, तेव्हा वेग माणसाच्या हातात आला. सोबत रोजचा निर्णयही आला : आज किती फेऱ्या?

हा निर्णय ज्या कागदावर टेकलेला असतो, त्याला नून रिपोर्ट म्हणतात. जहाजाच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की ब्रिजवरचा अधिकारी चोवीस तासांत कापलेले अंतर जीपीएसवरून काढतो आणि खाली इंजिन रूममध्ये फेऱ्यांच्या काउंटरचा आकडा उतरवला जातो. भारतीय जहाजांवर चीफ इंजिनिअरला ‘बडा साब’ म्हणतात. त्याच्या टेबलावर हे दोन आकडे एकत्र येतात.

समजा, काउंटर चोवीस तासांत १,१५,२०० फेऱ्यांनी पुढे गेला. म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या. पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा पिच ५ मीटर धरू. पाणी घन असते तर पंखा एका फेरीत ५ मीटर पुढे सरकला असता. त्या हिशोबाने इंजिनाचे अंतर भरते ५,७६,००० मीटर, म्हणजे ३११ सागरी मैल. जीपीएस मात्र सांगते २८९. उरलेले २२ मैल पाण्यात हरवले. त्याला स्लिप म्हणतात. इथे ती सात टक्क्यांच्या आसपास आहे आणि जहाजाचा खरा वेग १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल. हीच स्लिप दुसऱ्या दिवशी पंधरावर गेली, तर बडा साब कपाळाला आठ्या घालून विचार करू लागतो : समोरून लाट आहे, की प्रवाह उलटा आहे, की तळाला शेवाळ आणि शिंपले धरले आहेत? तिन्ही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि नून रिपोर्टमधला एकच आकडा या तिघांना वेगळे करून दाखवत नाही. त्यात जहाज पूर्वेला जात असेल तर घड्याळ पुढे करावे लागते आणि काही ‘दिवस’ तेवीस तासांचेच होतात. हे विसरून भागाकार केला तर वेग उगाचच कमी दिसतो.

आता इंधनाकडे. ढोबळमानाने जहाज चालवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ नॉटवरून १२ नॉटवर आले तर वेग सातवा हिस्सा कमी होतो. शक्ती मात्र सुमारे ३७ टक्क्यांनी उतरते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तरीही दर मैलामागचे इंधन सुमारे २७ टक्क्यांनी वाचते. जहाजाच्या आकाराचा, वेगाचा आणि पाण्याच्या विरोधाचा संबंध प्रयोगातून बसवण्याचे मोठे काम इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड यांनी केले. १८७२ साली टॉर्की इथे त्यांनी हौद बांधून छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढल्या आणि त्यावरून मोठ्या जहाजाचे अंदाज काढले. प्रत्यक्ष समुद्रात हा घनाचा नियम तंतोतंत चालत नाही; लाटा, वारा, तळाचा खडबडीतपणा आणि जहाज पाण्यात किती बुडाले आहे यांनुसार तो सरकतो. पण दिशा तीच राहते.

या नियमातून निघणारी एक गोष्ट अनेकांना चटकन पटत नाही. एका जहाजाने चोवीस तास १२ नॉट धरले. दुसऱ्याने बारा तास १० नॉट आणि बारा तास १४ नॉट धरले. अंतर दोघांचे सारखेच. घनाच्या हिशोबाने दुसऱ्याचे इंधन सुमारे आठ टक्के जास्त जळते. आधी रेंगाळायचे आणि मग धावायचे हे महागात पडते. आधी धावून नंतर रेंगाळणेही तितकेच महाग. म्हणून चांगला प्रवास-आराखडा एकसारख्या वेगाकडे झुकतो. वाटेत वादळ असेल, तर मात्र एकसारखा वेग धरून बसणेही चुकीचे. समोरून लाटा येत असताना तोच वेग टिकवायला इंजिनावर अवाजवी भार येतो. अशा वेळी वेग पडू द्यावा आणि शांत पाण्यात तो थोडा भरून काढावा. जुलैत अरबी समुद्र ओलांडणारे जहाज एडनकडे जाते तेव्हा लाटा समोरून झेलते आणि मुंबईकडे येते तेव्हा त्याच लाटा पाठीशी घेते. दोन्ही प्रवासांत ८० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८० फेऱ्या ठेवल्या, तरी दोन्ही दिवसांचे नून रिपोर्ट एकाच जहाजाचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

मग वेग कमी करत करत किती खाली यावे? इथे इंजिन स्वतः अटी घालते. मोठ्या मालवाहू जहाजांची टू-स्ट्रोक डिझेल इंजिने थेट पंख्याच्या शाफ्टला जोडलेली असतात. मध्ये गिअर नसतो. अशा बहुतेक जहाजांना आरपीएमचा एक निषिद्ध पट्टा असतो. त्या फेऱ्यांवर शाफ्टला पिळणारे कंपन धोक्याच्या पातळीला जाते. म्हणून तो पट्टा झपाट्याने ओलांडायचा, त्यात मुक्काम करायचा नाही. हिशोब सांगेल की अमुक आरपीएमवर इंधन सर्वांत कमी जळते, पण तो आकडा त्या पट्ट्यात पडला तर हिशोबाला मान तुकवावी लागते. भार फार उतरला की टर्बोचार्जरला पुरेशी हवा देता येत नाही आणि विजेवर चालणारे ऑक्झिलरी ब्लोअर सुरू होतात. ज्वलन अर्धवट राहते, एक्झॉस्टच्या वाटेवर काजळी साचते आणि पुढे एक्झॉस्ट बॉयलरमध्ये आग लागण्याची भीती असते. सिलिंडरची भिंत थंड पडली तर इंधनातल्या गंधकापासून आम्ल तयार होऊन लायनर झिजतो. वाचवलेल्या इंधनाचे पैसे मग सुट्या भागांवर जातात.

तरीही उद्योग सावकाश चालायला शिकला, कारण त्याला शिकावे लागले. २००६ साली आलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचे चौदा सिलिंडरचे इंजिन ८० हजार किलोवॉटचे होते; पूर्ण भारावर ते दिवसाला तीनशे टनांच्या आसपास इंधन पिऊ शकेल एवढे. त्यानंतर दोनच वर्षांत तेलाचे भाव चढले, मग जागतिक मंदी आली, माल घटला आणि जहाजे जास्त झाली. तेव्हापासून ‘स्लो स्टीमिंग’ हा शब्द बंदराबंदरांत रुळला. जोरात धावण्यासाठी बांधलेली इंजिने अर्ध्याहून कमी भारावर चालवायची, तर टर्बोचार्जर, इंधनाचे व्हॉल्व्ह, सिलिंडर ऑइल या सगळ्यांची जुळणी नव्याने करावी लागली.

आता प्रश्न माहितीचा. किनाऱ्यावर बसलेल्या कंपनीला जहाजाचा वेग सुधारायचा असेल तर तिला जहाजावरचे आकडे हवेत. ते येणार कसे?

महाराष्ट्राला यातला एक टप्पा जवळून माहीत आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी इथे १९७१ मध्ये देशाचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. त्याला पुढे विक्रम साराभाईंचे नाव देण्यात आले. १९९०च्या दशकात याच आर्वीहून हिंदी महासागरातल्या जहाजांसाठी इन्मारसॅटची सेवा चालू लागली. समुद्रातल्या सुरक्षेसाठी १९७९ मध्ये स्थापन झालेली ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा. तिचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर दिसतात. जहाजांवर सर्वत्र बसवलेले इन्मारसॅट-सी हे उपकरण सेकंदाला ६०० बिट, म्हणजे ७५ अक्षरे पाठवते. धोक्याचा इशारा, वादळाची सूचना, छोटा निरोप यांसाठी ते भरवशाचे आहे. पावसालाही ते दबत नाही.

आता याच वाटेवर इंजिनाची नोंद घालून पाहू. इंजिन रूममध्ये २०० सेन्सर आहेत, प्रत्येक जण सेकंदाला एक आकडा देतो आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट लागतात असे धरले, तर दिवसाची नोंद ६९ एमबीच्या घरात जाते. सेकंदाला ६०० बिटने ती पाठवायला जवळपास पावणेअकरा दिवस लागतील. म्हणजे सोमवारच्या नोंदीचा शेवटचा आकडा पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी-शुक्रवारी पोचेल आणि तोवर मागे दहा दिवसांची रांग उभी असेल. तीच नोंद जहाजावरच पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीत दाबली तर ७७ केबी उरते आणि सतरा मिनिटांत जाते. उलट दिशेने हवामानाचे पाहू. वाटेवरच्या पट्ट्याचे वाऱ्याचे आणि लाटांचे पाच आकडे, एकेक अंशाच्या ६०० ठिकाणी, सहा-सहा तासांनी, पाच दिवसांसाठी मागवले तर साठ हजार आकडे होतात. एका आकड्याला एक बाइट धरला तरी ते तेरा-चौदा मिनिटांत जहाजावर येतात. अडचण आहे, पण ती ओलांडता न येणारी नाही. काय पाठवायचे हे ठरवले की जुन्या अरुंद वाटेवरूनही पुष्कळ काम होते.

त्यानंतर वाटा रुंद झाल्या. २००७ मध्ये आलेल्या फ्लीट ब्रॉडबँडने सेकंदाला ४३२ किलोबिटपर्यंत मजल मारली; व्हीसॅट आले; २०२२ पासून कमी उंचीवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांनी जहाजांना सेवा द्यायला सुरुवात केली. भारतीय पाण्यात उपग्रहावरून इंटरनेट देण्याची वाट २०१८च्या नियमांनी मोकळी केली आणि २०१९ मध्ये नेल्को या टाटा समूहातल्या कंपनीने ती सेवा सुरू केली. तरी प्रत्येक जहाजावर सगळे मिळते असे नाही. जुन्या जहाजाचा मालक महिन्याचे डेटाचे बिल पाहून हात आखडता घेतो. मुसळधार पावसात उंच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल क्षीण होतो. जहाज वळले की अँटेना आणि उपग्रह यांच्यामध्ये धुराडे येते. एखाद्या देशाच्या हद्दीत परवान्याअभावी उपकरण बंद ठेवावे लागते. शिवाय जी वाट आहे तिच्यावर पंचवीस खलाशांचे घरी बोलणेही असते. ते तोडून इंजिनाचे आकडे पाठवावेत, असे कुणी म्हणू नये.

संपर्काची ओढ किती असते हे २०२० साली मॉरिशसला दिसले. २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे बल्क जहाज तिथल्या प्रवाळ खडकावर चढले आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेले गेले होते, असे जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत पुढे आले.

संपर्कावर असे विसंबून राहता येत नाही, म्हणून या पुस्तकाचा मधला मोठा भाग जहाजावरच्या संगणकाला दिला आहे. तो फार मोठा असण्याची गरज नाही. त्याच्याकडे जहाजाच्या समुद्र-चाचणीचे जुने आलेख असतात, गेल्या काही आठवड्यांच्या नोंदी असतात आणि शाफ्टवरच्या टॉर्क मीटरचे व इंधनाच्या फ्लो मीटरचे ताजे आकडे असतात. शांत हवेतल्या नोंदी वेगळ्या काढल्या की तळ किती खराब झाला आहे याचा अंदाज येतो. उरलेल्या नोंदींतून वाऱ्याचा आणि लाटांचा वाटा सापडतो. मग प्रत्येक शक्य आरपीएमसाठी पुढच्या टप्प्याचे इंधन आणि पोचण्याची वेळ मांडता येते. निषिद्ध पट्टा वगळायचा, ब्लोअर सुरू होण्याच्या खालचा भार टाळायचा आणि उरलेल्यांतून निवडायचे. संपर्क तुटला तर शेवटच्या हवामान-अंदाजावर काम चालू ठेवायचे. अंदाज जितका शिळा, तितका वेळेचा राखीव साठा वाढवायचा. संपर्क आला की सगळे ओतायचे नाही. आधी बिघाडाची सूचना, मग ठरलेल्या आकड्यापासून झालेली फारकत, सरतेशेवटी सरासऱ्या. प्रत्येक नोंदीवर जागतिक प्रमाणवेळेचा शिक्का हवाच. नाहीतर किनाऱ्यावरचा संगणक कालचा आकडा आजचा समजून सल्ला देतो आणि बडा साब त्या सल्ल्याकडे कायमची पाठ फिरवतो.

इतके करूनही बहुतेक मोठी बचत दुसरीकडेच दडलेली सापडते. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्या धावतपळत येतात आणि मग दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहतात. अनेक बंदरांबाहेर जहाजांचे तेच चित्र असते. समजा, एका जहाजाला १,००८ मैल राहिले आहेत. १४ नॉटने ते ७२ तासांत पोचते आणि दिवसाला ३० टनांनी ९० टन इंधन जाळते. धक्का मात्र ८४ तासांनी मोकळा होणार आहे. हे आधी कळले असते तर १२ नॉटने ते बरोबर ८४ तासांत पोचले असते आणि घनाच्या नियमाने सुमारे ६६ टनांत भागले असते. चोवीस टन वाचले. टनाला ५०० डॉलर धरले तर बारा हजार डॉलर. आणि ज्या निरोपावर ही बचत अवलंबून आहे, ‘अमुक तारीख, सकाळी सहा, धक्का तयार’, तो चाळीसेक अक्षरांचा असतो. इन्मारसॅट-सीलाही त्याला एक सेकंद पुरतो.

२०२२ साली कंटेनर जहाजांवर झालेला एक अभ्यास आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या प्रकल्पातून प्रसिद्ध झाला. त्यातले अंदाज बोलके आहेत. संपूर्ण प्रवासभर वेग बंदराच्या वेळेशी जुळवला तर इंधन सरासरी सुमारे १४ टक्के वाचते. फक्त शेवटच्या चोवीस तासांत जुळवला तर सुमारे ६ टक्के आणि शेवटच्या बारा तासांत जुळवला तरी ४ टक्क्यांहून अधिक. बंदराची वेळ लवकर कळण्याला किंमत आहे, ती ही.

मग बंदरे ही वेळ लवकर का सांगत नाहीत आणि सांगितली तरी कप्तान सावकाश का येत नाही? इथे करार आडवा येतो. एका प्रवासासाठी जहाज भाड्याने घेतले, तर शक्य तितक्या लवकर पोचण्याचे बंधन कप्तानावर असते. जहाज पोचले, ‘तयार आहोत’ अशी नोटीस दिली, की चढ-उताराच्या मुदतीचे घड्याळ चालू होते; मुदत संपली की मालकाला डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई मिळते. मालकाने सावकाश का यावे? मुदतीच्या भाड्यात इंधनाचे पैसे भाडेकरू देतो, पण वेगाची हमी मालकाची असते आणि तीही वाऱ्या-लाटांच्या ठरावीक मर्यादेतली. तिथे नून रिपोर्ट हा वादाचा कागद होतो. त्या दिवशी वारा चार फोर्सचा होता की पाचचा, यावर लंडनच्या लवादांत वकील भांडतात. वेग कमी करण्याची परवानगी देणारी आणि वाचलेल्या इंधनाची वाटणी ठरवणारी नमुना कलमे बिमको या जहाजमालकांच्या संघटनेने काढली आहेत. ती करारात घालायला दोन्ही बाजू राजी हव्यात.

अलीकडे नियमांनी या वादात तिसरा पक्ष आणला आहे. १ जानेवारी २०२३ पासून पाच हजार टनेजवरच्या जहाजांना कार्बनच्या तीव्रतेनुसार ए ते ई अशी श्रेणी मिळते. ई मिळाली, किंवा सलग तीन वर्षे डी मिळाली, तर सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. नांगर टाकून थांबलेल्या जहाजाचे जनरेटर इंधन जाळत राहतात आणि अंतर मात्र शून्य भरते; म्हणून घाईने येऊन ताटकळणे श्रेणीलाही भोवते. युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांच्या उत्सर्जनावर शुल्काची पद्धत लागू केली : त्या वर्षाच्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांसाठी, २०२५च्या ७० टक्क्यांसाठी आणि २०२६ पासून पूर्ण. जगभर एकच शुल्क लावण्याचा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत वर्षभर पुढे ढकलला गेला. दुसरीकडे नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाट वाढली, वेळापत्रके विस्कटली आणि काहींनी पुन्हा आरपीएम वर चढवले. सुवेझमार्गे यायचा कंटेनर तेव्हा एक-दोन आठवडे उशिरा येऊ लागला.

जालन्याचा या साखळीतला हिस्सा वाढतो आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन इथे डिसेंबर २०१५ मध्ये झाले. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आणि जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला. जमिनीवरचे तास कमी झाले की समुद्रावरच्या तारखेची अनिश्चितता अधिक टोचते. भट्टीला कंटेनर दोन दिवस लवकर आल्याने फारसा लाभ नसतो. सांगितलेल्या दिवशी आला तर माल, पैसा आणि गाड्या तिघांचे नियोजन बसते. सावकाश पण ठरल्या वेळी येणारे जहाज हे मालकाच्या इंधनाला आणि इथल्या कारखानदाराला एकाच वेळी परवडते. ही सोय कराराच्या टेबलावर मागायची असते, हे माल मागवणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

दुसरा वाचक म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअर झालेली जालना, अंबड, परतूरची मुले-मुली. यांत्रिकी पदवीनंतर वर्षभराचा सागरी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम करून जहाजावर जाता येते, ही वाट मराठवाड्यात अजून फारशी मळलेली नाही. किनाऱ्यावर राहूनही या विषयात काम आहे : नोंदी स्वच्छ करणे, नमुने बसवणे, छोटे निरोप आखणे. त्यासाठी समुद्र पाहिलेला असण्यापेक्षा घनाचा नियम आणि नून रिपोर्ट नीट समजणे जास्त उपयोगाचे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग पंखा, स्लिप आणि शक्तीचा; दुसरा इंजिनाच्या मर्यादांचा; तिसरा उपग्रह-संपर्काचा आणि जहाजावरच्या हिशोबाचा; चौथा करारांचा व नियमांचा. प्रत्येक भागाअखेरीस उदाहरणे आहेत आणि साध्या कॅल्क्युलेटरवर ती सुटतात. शेवटचे उदाहरण जरा लांबलचक आहे. जहाज न्हावा-शेव्यापासून चार दिवसांवर आहे, पुढचे दोन दिवस समोरून सहा फोर्सचा वारा आहे, संपर्क काल संध्याकाळपासून बंद आहे आणि शेवटच्या निरोपानुसार धक्का बारा तास उशिरा मिळणार आहे. उद्याचे आरपीएम किती ठेवायचे, हे तीनदा ठरवायचे आहे : एकदा मालकाच्या बाजूने, एकदा भाडेकरूच्या आणि एकदा बडा साबच्या. तिघांची उत्तरे वेगळी येतील. ती कुठल्या कलमामुळे वेगळी आली, हेही उत्तरासोबत लिहायचे आहे.